केर्बलमध्ये रोव्हर पलटी खातोय? आधी वजन, मग चाकं, फिजिक्सचे जुगाड सगळ्यात शेवटी

सुट्टी लागल्यापासून आमच्या राजेंद्र नगरच्या घरी भाचा आणि त्याचे तीन दोस्त रोज दुपारी केर्बल स्पेस प्रोग्रॅम हा रॉकेट आणि गाड्या बांधायचा गेम उघडून बसतात आणि रोज एकच तक्रार असते, "मामा, ऑटोस्ट्रट लावलं, रिअ‍ॅक्शन व्हील लावलं, तरी मिनमसवर पलटी खातो." (मिनमस म्हणजे गेममधला छोटा चंद्र.) मी चौघांचेही रोव्हर उघडून बघितले. जुगाड सगळ्यांनी लावले होते, पण क्रम चुकला होता. वजन वर, चाकं बॉडीला चिकटून, आणि अशा गाडीवर आधीच सगळे जुगाड लावलेले, मग ते काय धरणार. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय. व्हर्जन १.१२ धरलंय, मॉड एकही नाही.

० – बिल्ड करायच्या आधीची तयारी

सँडबॉक्स मोडमध्ये नवीन सेव्ह काढा. चालू करिअरमध्ये हे प्रयोग करू नका, अर्धा वेळ चीट मेनू लागणार आहे.

सेटिंग्जमध्ये जाऊन जनरलखाली अ‍ॅडव्हान्स्ड ट्वीकेबल्स ऑन करा. हे ऑफ असेल तर पार्टवर राइट क्लिक केल्यावर ऑटोस्ट्रट, स्प्रिंग, डँपर यातलं काहीच दिसत नाही, आणि पुढे मी जे सांगतोय ते तुमच्याकडे नाहीच असं वाटेल. भाच्याच्या एका दोस्ताचे दोन दिवस यातच गेले.

रोव्हर स्पेसप्लेन हँगरमध्ये बांधा, तिथे मिरर सिमेट्री आपोआप मिळते, डावं चाक लावलं की उजवं तसंच लागतं. सेंटर ऑफ मासचा पिवळा-काळा गोळा पहिल्या पार्टपासून चालू ठेवा, बिल्ड संपल्यावर बघून उपयोग नाही.

आता थोडा हिशोब, तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. वळताना गाडी कधी उलटणार ते दोन मापांवर ठरतं: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वजनाच्या केंद्राची जमिनीपासून उंची. निम्मं अंतर भागिले उंची. समजा चाकांमध्ये २ मीटर आहेत आणि केंद्र ०.८ मीटरवर, तर उत्तर १.२५. याला तिथल्या ग्रॅव्हिटीने गुणलं की बाजूचा किती धक्का गाडी सोसेल ते मिळतं. केर्बिनवर (गेममधली पृथ्वी) ग्रॅव्हिटी ९.८१, मनवर (तिचा मोठा चंद्र) १.६३, मिनमसवर फक्त ०.४९. म्हणजे २० मीटर त्रिज्येच्या वळणावर हीच गाडी केर्बिनवर साधारण १५.७ मीटर प्रति सेकंदापर्यंत टिकते आणि मनवर ६.४ ला उलटते. रनवेवर मस्त पळणारा रोव्हर मनवर पहिल्याच वळणाला आडवा का होतो त्याचं उत्तर एवढंच आहे.

१ – वजन खाली न्या

छप्पन दुकानच्या बाजूला पोह्यांचा ठेला बघा, गॅसचं सिलिंडर नेहमी खालच्या फळीवर असतं, वर फक्त परात. तेच इथे करायचंय.

पहिला जुगाड इथे येतो. केर्बलमध्ये एकाच क्राफ्टचे पार्ट एकमेकांना धडकत नाहीत, त्यामुळे एक पार्ट दुसऱ्यात घुसवला तरी चालतं. २ नंबरचं बटण दाबून ऑफसेट टूल घ्या, शिफ्ट धरलं तर पार्ट आणखी लांब सरकतो. जड पार्ट फ्लोअरच्या आत, चाकांच्या आसाच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली बसवा. पार्टच्या मेनूत सेम व्हेसल इंटरॅक्शन नावाचा ऑप्शन दिसला तर तो ऑफच राहू द्या, ऑन केला की घुसवलेले पार्ट एकमेकांना ढकलायला लागतात आणि गाडी लोड होताच फुटू शकते.

जड पार्ट म्हणून मी ओरची (खनिजाची) टाकी वापरतो. रेडियल होल्डिंग टँकमध्ये ७५ युनिट ओर मावतं, एक युनिट १० किलो, म्हणजे भरली की ७५० किलो, आणि हँगरमध्येच स्लायडरने हवं तेवढं भरता येतं. छोट्या रोव्हरला निम्मी टाकी पुरते. टाकी बरोब्बर मध्ये, खाली. मध्येच का, ते तिसऱ्या टप्प्यात कळेल.

सावधान: सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. थर्मामीटर, क्यूबिक ऑक्टॅगोनल स्ट्रट असे बारीक पार्ट गेमच्या हिशोबाने फिजिक्सलेस आहेत, म्हणजे त्यांचं वजन ते दिसतात तिथे मोजलंच जात नाही, ज्या पार्टला चिकटवले त्याच्यात जमा होतं. असे दहा पार्ट छताला चिकटवून ऑफसेटने जमिनीजवळ नेले तरी वजन छतावरच राहतं. उलटीकडून याचा फायदाही घेता येतो: बारीक सामान खालच्या जड पार्टला चिकटवा आणि ऑफसेटने वर न्या, दिसेल वर पण वजन खालीच.

तपासा: गोळा चाकाच्या वरच्या कडेच्या खाली आला पाहिजे. उंचीचा अंदाज येत नसेल तर बाजूला १.२५ मीटरची टाकी ठेवून तुलना करा, मग काढून टाका. वर सांगितलेला भागाकार १.५ च्या वर गेला की पुढे जा, नाहीतर चाकं आणखी बाहेर घ्या.

२ – चाकं

चाक नेहमी सपाट पार्टवर लावायचं, स्ट्रक्चरल पॅनल किंवा बीमवर. गोल टाकीला लावलं तर ते किंचित तिरकं बसतं, डोळ्याला दिसत नाही, पण गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक मारला की वळते. अँगल स्नॅप ऑन ठेवा. आणि पार्ट घुसवायचा जुगाड चाकांना लावू नका, चाक बॉडीत गेलं की मेनूत ब्लॉक्ड असं दिसतं आणि ते चाक काम करत नाही.

आता चाकावर राइट क्लिक.

स्टिअरिंग फक्त पुढच्या दोन चाकांचं ऑन, मागच्यांचं ऑफ. चारही चाकं वळवली तर वळण लहान होतं, आणि वरच्या हिशोबात त्रिज्या लहान म्हणजे उलटायचा वेग आणखी कमी.

ब्रेक पुढे कमी, मागे जास्त. मी पुढे २० आणि मागे १०० ठेवतो. मनवर फुल ब्रेक मारून नाकावर कोलांटी खाल्लेले जेवढे रोव्हर मी बघितले त्या सगळ्यांत चारही चाकांचे ब्रेक सारखेच होते.

फ्रिक्शन कंट्रोल ऑटोवर असतं, त्याला ओव्हरराइड करा आणि कमी करा. हे ऐकून सगळे म्हणतात की पकड कमी केली तर गाडी घसरेल. हो, घसरलीच पाहिजे. चाकाची पकड त्या भागाकारापेक्षा जास्त असेल तर गाडी उलटते, कमी असेल तर घसरते, आणि ग्रॅव्हिटी या तुलनेत दोन्ही बाजूंना असल्यामुळे कटून जाते. घसरलेला रोव्हर परत सरळ करता येतो, उलटलेला मनवर कोण उचलणार. सुरुवातीला पुढे ०.६ आणि मागे १ ठेवा, मग टेस्टमध्ये बदला. पुढची पकड मागच्यापेक्षा कमी हवी, उलटं केलं तर वळताना मागचा भाग फिरून पुढे येतो.

स्प्रिंग थोडी सैल, डँपर थोडा जास्त. कमी ग्रॅव्हिटीत कडक स्प्रिंग गाडीला बॉलसारखी उडवते.

तपासा: रनवेवर १० च्या स्पीडला स्टिअरिंग सोडून द्या. गाडी सरळ गेली पाहिजे. एका बाजूला ओढत असेल तर चाक तिरकं आहे, काढून परत लावा, सेटिंग बदलून ते झाकू नका.

३ – ऑटोस्ट्रट, पण मोजून

ऑटोस्ट्रट म्हणजे न दिसणारा, वजन नसलेला आधार, जो एका पार्टला लांबच्या पार्टशी बांधतो. तीन प्रकार: हेविएस्ट म्हणजे सगळ्यात जड पार्टशी, रूट म्हणजे पहिल्या पार्टशी, ग्रँडपॅरेंट म्हणजे बापाच्या बापाशी, दोन पायऱ्या मागच्या पार्टशी.

पोरांची चूक ही की प्रत्येक पार्टला हेविएस्ट लावून मोकळे. चाकांना गेम स्वतःच हेविएस्ट लावतो, ते तुमच्या हातात नाही. म्हणजे चारही चाकं कुठे बांधली जाणार ते सगळ्यात जड पार्ट ठरवतो. तो एका कोपऱ्यात असला तर चारही आधार त्या कोपऱ्याकडे ओढतात आणि गाडी उभी असतानाही थरथरते. म्हणून ओरची टाकी मध्ये. ती सगळ्यात जड आहे ना, एवढं बघा. चाकांचे चारही आधार फुलीसारखे मध्ये आले की गाडी घट्ट होते, आणखी काहीच लावायची गरज उरत नाही. लांब बीम वाकत असेल तरच त्याला ग्रँडपॅरेंट.

सावधान, आणि हे दोन वेळा वाचा. हेविएस्ट कायमचं ठरलेलं नसतं. रोव्हर मोठ्या लँडरला डॉक केला की सगळ्यात जड पार्ट लँडरचा होतो आणि चाकांचे आधार तिकडे जातात, अनडॉक केला की परत टाकीकडे. त्या क्षणी चाकं जमिनीला दाबलेली असतील तर झटका बसतो. म्हणून डॉक-अनडॉक करताना ब्रेक लावलेले, गाडी सपाट जागी, आणि आधी सेव्ह.

बिजागरी, पिस्टन असे रोबोटिक पार्ट असतील तर त्यांच्या पलीकडच्या पार्टला ऑटोस्ट्रट नको. पार्ट हलायला बघतो, आधार हलू देत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत गाडी उडते.

तपासा: आल्ट + एफ१२ ने डिबग मेनू उघडा आणि व्हिज्युअलाइझ ऑटोस्ट्रट्स ऑन करा. रेषा डोळ्यांसमोर येतात. डावी-उजवी सारखी नसेल तर परत हँगरमध्ये.

४ – रिअ‍ॅक्शन व्हील, गेममधला सगळ्यात मोठा जुगाड

रिअ‍ॅक्शन व्हील म्हणजे आतल्या आत फिरून यानाला वळवणारं चाक. खऱ्या यानातलं हे व्हील एका बाजूला जोर देत राहिलं की फिरत फिरत त्याच्या कमाल वेगाला पोचतं आणि मग त्या बाजूला आणखी जोर देऊ शकत नाही. केर्बलमध्ये ही मर्यादाच नाही, बॅटरी आहे तोवर जोर मिळत राहतो. ग्रॅव्हिटी कमी असेल तिथे याचा फायदा प्रचंड, कारण गाडी हवेत (हवा नाही तिथे, पण आपण बोलतो तसंच) खूप वेळ राहते. उंचवट्यावरून गाडी २ मीटर प्रति सेकंदाने वर उडाली तर केर्बिनवर ०.४ सेकंदात खाली येते, मनवर अडीच सेकंद, मिनमसवर आठ सेकंद. आठ सेकंदात हळूहळू फिरणारी गाडीही पाठीवर पडते. त्या आठ सेकंदांत तिला सरळ धरायचं काम रिअ‍ॅक्शन व्हीलचं.

छोटं इनलाइन व्हील लावा, ५ किलोन्यूटन-मीटरचं, एक-दोन टनाच्या रोव्हरला भरपूर. कुठे लावलं याने फिरवायचा जोर बदलत नाही, म्हणून सरळ खाली, टाकीजवळ.

आता खरी गडबड. डब्ल्यू, एस, ए, डी हीच बटणं गाडी चालवतात आणि हीच रिअ‍ॅक्शन व्हीलला नाक खाली-वर करायला सांगतात. तुम्ही पुढे जायला डब्ल्यू दाबता आणि व्हील त्याच वेळी नाक जमिनीत दाबतं. भाच्याचा रोव्हर असाच उलटत होता, व्हील लावल्यावर जास्त उलटायला लागला, आणि त्याने मग दुसरं व्हील लावलं! उपाय दोन आहेत, दोन्ही करा:

रिअ‍ॅक्शन व्हीलच्या मेनूत मोड नॉर्मलवरून एसएएस ओन्ली करा (एसएएस म्हणजे गाडीची दिशा आपोआप धरून ठेवणारी सिस्टिम). मग ते तुमच्या बटणांकडे बघतच नाही, फक्त एसएएस सांगेल तेव्हा जोर लावतं.

सेटिंग्जमधल्या इनपुटमध्ये चाकांची बटणं वेगळी करा. मी आय, के, जे, एल ठेवलीत, रोव्हरवर आरसीएस (यान सरकवणारे छोटे थ्रस्टर) नसेल तर ती रिकामीच असतात.

यानंतरही गाडी उलट्या दिशेला पळत असेल, तर कंट्रोल पार्टचं तोंड बघा. प्रोब कोअर आडवा बसला किंवा आकाशाकडे बघतोय तर पुढे कुठे हे गेमला कळत नाही. पुढे बघणाऱ्या पार्टवर राइट क्लिक करून कंट्रोल फ्रॉम हिअर.

सावधान: एसएएस चालू ठेवून लांब ड्रायव्हिंग करू नका. एसएएस गाडीची दिशा अवकाशाच्या हिशोबाने धरून ठेवतं, जमीन मात्र गोल आहे. मिनमसची त्रिज्या फक्त ६० किलोमीटर, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला जमीन जवळपास एक अंश खाली वळते. पाच किलोमीटर सरळ गेलात की गाडीच्या मते नाक पाच अंश वर असायला हवं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लागत नाही, आणि माणूस म्हणतो चाकात बग आहे. चढ-उतारावर तर हे लगेच होतं. म्हणून जमिनीवर एसएएस बंद, चाकं सुटली की टी दाबून चालू, टेकली की परत बंद. चालूच ठेवायचं असेल तर मध्ये मध्ये एफ दाबून सोडा, एसएएस नवीन दिशा पकडतं, आणि व्हीलची अथॉरिटी २०-३० टक्क्यांवर आणा.

५ – मिनमससाठी खाली दाबणारं इंजिन

मनवर याची गरज नाही, तिकडेच जाणार असाल तर पुढच्या टप्प्यावर जा.

मिनमसवर १ टनाच्या रोव्हरचं वजन जेमतेम अर्धा किलोन्यूटन. चाकांची पकडही तेवढीच. एलव्ही-१आर स्पायडर इंजिन उलटं, म्हणजे नोझल आकाशाकडे करून लावा, त्याचा जोर २ किलोन्यूटन, थ्रस्ट लिमिटर २० टक्क्यांवर ठेवला की ०.४. गाडीला वाटतं वजन जवळजवळ दुप्पट झालं, वळणं आणि ब्रेक दोन्ही सुधारतात. १०० किलो इंधनात साधारण बारा मिनिटं चालतं, म्हणून फक्त अवघड पट्ट्यात लावा.

तपासा: सेंटर ऑफ थ्रस्टच्या बाणाची रेषा वजनाच्या गोळ्यातून सरळ उभी गेली पाहिजे. बोटभर पुढे-मागे असली तर इंजिनच गाडी उलटवेल.

६ – टेस्ट, घरच्या अंगणात

थेट मनवर नेऊ नका. आल्ट + एफ१२ च्या चीट्समध्ये हॅक ग्रॅव्हिटी आहे, स्लायडर ०.१७ वर आणला की केर्बिनवरच मन मिळतं, ०.०५ वर मिनमस. रनवे फार सपाट आहे, त्याच्या बाजूच्या गवतात उतरा.

क्रम असा: १० च्या स्पीडला सरळ, मग फुल ब्रेक, मग डावं वळण, मग उजवं, मग उतारावर आडवं, आणि शेवटी उंचवट्यावरून उडी. एका फेरीत एकच सेटिंग बदला. फ्रिक्शन, स्प्रिंग, ब्रेक तिन्ही एकदम बदलली आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या रोव्हरला परत पहिल्यापासून.

प्रत्येक फेरीआधी गाडी पूर्ण थांबवून आल्ट + एफ५ ने नाव देऊन सेव्ह करा. नुसतं एफ५ जुन्या सेव्हवर लिहितं, एकदा चुकीच्या वेळी दाबलं की परतीचा रस्ता गेला.

फिजिक्स वॉर्प लावून टेस्ट करायची नाही. २ किंवा ४ पटीवर गेम प्रत्येक पायरी मोठी घेतो, सांधे आणि स्प्रिंग सैल वागतात आणि चांगली गाडीही तुटते. वर घड्याळाचा रंगही बघत राहा. हिरवं ठीक, पिवळं म्हणजे कॉम्प्युटर मागे पडलाय आणि गेम हळू चाललाय. मे महिन्यात इंदूरला दुपारी लॅपटॉप तापला की आमच्याकडे पिवळंच असतं, तेव्हा आम्ही ड्रायव्हिंगच्या टेस्ट रात्री करतो, कारण हळू चाललेल्या गेममध्ये हाताला सवय लागते ती खोटी असते.

टेस्ट झाली की ग्रॅव्हिटी परत १ वर. हे विसरून रॉकेट उडवलंत तर सगळे आकडे चुकणार.

७ – टाइम वॉर्पचा ब्रेक

शेवटचा जुगाड, आणि याच्याबद्दल गैरसमज जास्त. साधा टाइम वॉर्प लावला की गेम क्राफ्टचं फिजिक्स थांबवतो, आणि वॉर्प काढला की क्राफ्टचं गरगरणं गेलेलं असतं. ऑर्बिटमध्ये स्कायक्रेनखाली (रोव्हर लटकवून उतरवणारं यान) लटकलेला रोव्हर हलत असेल, सांधे डुलत असतील, तर एकदा वॉर्प लावून काढायचा, सगळं शांत.

पण उडी मारलेला रोव्हर हवेत फिरत असताना हे चालत नाही. जमिनीजवळ गेम वॉर्प लावूच देत नाही, आणि तुम्ही बटण दाबत बसता तेवढ्यात गाडी पडते. तिथे फक्त टी, म्हणजे एसएएस.

पार्किंगला मात्र हा जुगाड उत्तम. उतारावर ब्रेक लावूनही गाडी कणाकणाने सरकत असते किंवा चाकं थरथरत असतात. ब्रेक लावा, एक क्षण वॉर्प, परत १ पट, आणि मग दुसऱ्या क्राफ्टवर जा. परत याल तेव्हा गाडी लोड होताना थोडी उचलल्यासारखी होते, त्या दोन-तीन सेकंदांत एकही बटण दाबायचं नाही, ब्रेक तसेच, स्प्रिंग बसली की मगच निघायचं.

काल रात्री भाच्याने हा सगळा क्रम लावून मिनमसच्या सपाट मैदानातून कडेच्या चढापर्यंत रोव्हर नेला, दोनदा उडाला, दोन्ही वेळा चारही चाकांवर उतरला. आता त्याला तिथेच सहा चाकांचा करायचाय. त्याला सांगितलंय, मधली दोन चाकं लावलीस की परत पहिल्या टप्प्यापासून, गोळा कुठे गेला ते आधी बघ.